शेपटीतला माळ

आमच्या यादीवर शेपटी कापण्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी गवतावरूनही झाली नसतील, आणि गवत हा तर आमचा मूळ विषय.

यादी म्हणजे ई-मेलची यादी. व्हॉट्सअॅपच्या जमान्यात हे समजावून सांगावं लागतं. एका ठरलेल्या पत्त्यावर मेल पाठवला की तो सगळ्या सभासदांना पोचायचा, आणि कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना. सोलापूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी, पुणे इथल्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवणारी आम्ही मंडळी वीसेक वर्षं या यादीवर कोरड्या माळांवरच्या झाडाझुडपांविषयी लिहीत आलो. कुणी गवताचा फोटो टाकायचं, दुसरं कुणी त्याचं नाव सांगायचं, तिसरं ते खोडून काढायचं, की मग आठवडाभर धुमश्चक्री. ‘उघड्या माळावर बघण्यासारखं असतं तरी काय,’ असं माझे सासरे विचारायचे. त्यांना मी एकदा यादी उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, थोडं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

आता शेपटी. कुणाच्या मेलला उत्तर द्यायला गेलं की आधीचा मेल आपोआप खाली चिकटून येतो, त्याच्या प्रत्येक ओळीपुढे एक बाण. त्याला पुन्हा कुणी उत्तर दिलं की दोन बाण, मग तीन. ही शेपटी कापून मग मेल पाठवावा, असा यादीचा नियम होता. तो मीच केलेला. यादी चालवण्याचं, म्हणजे बिनपगारी राबण्याचं काम माझ्याकडे होतं. आकाराने मोठा मेल यादी अडवून धरायची आणि मी हाताने परवानगी दिल्याशिवाय तो पुढे सरकायचा नाही. शिवाय कापाकापीची सवय मला लहानपणापासूनची. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांचं. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि मागावरून उतरलेल्या चादरींच्या कडेला लोंबणारे धागे कापायचं काम आम्हा बहिणींकडे. काही लोंबताना दिसलं की माझा हात अजून शिवशिवतो.

आणि नेमकं माझ्याच नशिबी कुर्डुवाडीचे सर आले. सर माझ्याहून बरेच मोठे, तिथल्या कॉलेजातून निवृत्त झालेले, मूळचे सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातले. झाडांची त्यांना उत्तम जाण, पण कॉम्प्युटरशी त्यांचं सख्य एवढंच, की त्यांना फक्त ‘उत्तर द्या’ हे बटण ठाऊक होतं. नवा मेल लिहायचा म्हणजे काय करायचं, हे त्यांनी कधी शिकून घेतलं नाही. त्यांच्याकडे कुठला तरी एक जुना मेल होता. काहीही लिहायचं झालं की सर तो उघडायचे, ‘उत्तर द्या’ दाबायचे, आणि वर आपलं म्हणणं लिहून पाठवायचे. त्यामुळे सरांच्या प्रत्येक मेलचा विषय एकच: ‘होटगीचा माळ’. बाभळीवर शंका असली तरी होटगीचा माळ, निवृत्तीचा समारंभ असला तरी होटगीचा माळ. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा होटगीचा माळ या नावाने आलं. पुण्याच्या एका मॅडमनी ते गवताचं समजून आठवड्याने उघडलं आणि धावतपळत लग्नाला पोचल्या. आणि प्रत्येक मेलखाली मारुतीच्या शेपटाएवढी शेपटी. मी दर वेळी चरफडत परवानगी द्यायचे आणि दर वेळी सरांना लिहायचे, ‘सर, कृपया खालचा मजकूर कापावा.’ सर उत्तर पाठवायचे, ‘बरं मॅडम.’ ते उत्तरही अडकायचं, कारण त्यालाही शेपटी होतीच.

एका उन्हाळ्यात, परीक्षा उरकल्या न उरकल्या तोच, ज्या फुकटच्या सेवेवर यादी चालायची तिने कळवलं की सेवा बंद होत आहे. जूनअखेर सगळं पुसलं जाईल, हवं असेल त्यांनी उतरवून घ्यावं. मी त्याच संध्याकाळी बाईंकडे गेले.

बाईंनी ही यादी सुरू केली. कॉलेजात त्या मला शिकवायला होत्या आणि आज मी त्यांच्याच जागेवर शिकवते. ऐंशीच्या घरातल्या आहेत, होटगी रोडला एकट्या राहतात. डोळ्यांच्या मधोमध कायमचा काळा डाग आला आहे, त्यामुळे समोरचं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. तेव्हापासून बाईंनी यादीवर लिहिणं थांबवलं. ‘तुम्ही सांगा, मी टाइप करते,’ असं मी कितीदा म्हटलं असेल. त्यांचं एकच उत्तर, ‘ज्याला गवत दिसत नाही त्याने गवतावर बोलू नये.’ एकदा का त्यांनी ठरवलं की संपलं.

मी बातमी सांगितली. बाई म्हणाल्या, ‘माझा होटगीचा माळ मिळतो का बघ.’

हे मला माहीत होतं आणि याचीच भीती होती. यादीच्या पहिल्या वर्षांत बाई दर रविवारी सकाळी पॅसेंजरने होटगीला जायच्या, स्टेशनापलीकडच्या माळावर चालायच्या आणि रात्री यादीवर लिहायच्या. पुस्तक त्यांनी लिहिलं नाही. पेपरही नावापुरते. आयुष्यात स्वतःचं म्हणून जे काम केलं ते एवढंच, बाकी सगळं पोर्शन संपवणं, असं त्या म्हणायच्या. पण तेव्हा यादी आमच्या कॉलेजच्या एका कॉम्प्युटरवर चालत असे. पुढे ती या फुकटच्या सेवेवर हलवली तेव्हा सभासदांचे पत्ते तेवढे आले, जुने मेल तिथेच राहिले. मला वाटलं बाईंकडे प्रत असेल, बाईंना वाटलं कॉम्प्युटरवाल्यांकडे असेल, कॉम्प्युटरवाल्यांना काही वाटलंच नाही. तो कॉम्प्युटर भंगारात गेला. एवढे सगळे नमुने जपणारे लोक आम्ही, चिमूटभर वाळलेलं गवत पन्नास वर्षं कागदात जपून ठेवू, पण मेल कुणी ठेवला नाही.

‘बघते बाई,’ मी म्हणाले. खोटंच.

मे महिन्यात सोलापुरात काम करायचं म्हणजे कूलरसमोर पाण्याची बाटली घेऊन बसायचं. मी अख्खी यादी उतरवून घेतली. ती एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये आली, नुसता मजकूर. आणि मला खरं सांगायचं तर मजा वाटायला लागली. जुने मेल ज्या फॉन्टमध्ये होते तो फॉन्ट आता कुठेच नाही, त्यामुळे पानंच्या पानं उंदरांनी टाइप केल्यासारखी दिसत होती. ती पुन्हा देवनागरीत आणायला एक युक्ती सापडली. किचकट होती, पण एकेका मेलमधून माणसं उठून बसायला लागली. विजयपूरचे एक सर प्रत्येक मेलच्या शेवटी तिथलं तापमान कळवायचे. धाराशिवच्या मॅडमची सुट्टी लागल्याची आपोआप जाणारी सूचना रात्रभर यादीला आणि यादी त्यांना उत्तरं देत बसली होती. मी एकटीच हसत होते, आणि नवरा आतून विचारत होता, काय झालं म्हणून.

मग मी साफसफाईला बसले. तोच तोच मजकूर शंभरदा कशाला जपायचा? शेपट्या उडवायच्या. अर्थातच सुरुवात कुर्डुवाडीच्या सरांपासून. इतक्या वर्षांनी माझ्या हातात कात्री आली होती. पहिला मेल, वर दोन ओळी, खाली शेपटी, उडवली. दुसरा, उडवला. फार समाधान वाटत होतं. मेलमध्ये काय, यादीच्या वेबसाइटवर काय, ही शेपटी तीन टिंबांमागे लपवलेली असायची, त्यामुळे ती पुरती कधी कुणी पाहिलीच नव्हती. इथे मात्र ती उलगडून पडली होती, फॉन्टवाली युक्ती सगळ्या फाइलवर चालवल्यामुळे देवनागरीतही आली होती, आणि कुठे संपते ते बघायला मी खाली खाली जात होते. ओळींपुढे बाणांची गर्दी झाली, आणि त्या गर्दीमागे मला दिसलं:

‘आज माळावर वारा पश्चिमेचा, मोठा. कुंपणाच्या आत पवन्या गवत गुडघ्याला लागलं. बाहेर मेंढरांनी साफ केलंय. विष्णुक्रांता दोन्हीकडे आहे. माझे मोजे कुसळांनी भरले. चूक असल्यास कळवावे.’

‘चूक असल्यास कळवावे’ असा शेवट यादीवर फक्त बाई करायच्या.

मी आणखी खाली गेले. त्याच्या आधीचा रविवार. त्याच्या आधीचा. बाई माळाचं वर्णन एकाच माळेत राहावं म्हणून दर रविवारी आपल्याच मागच्या मेलला, नाहीतर त्यावर आलेल्या उत्तराला, पुढचं उत्तर जोडायच्या. त्यातला शेवटचा मेल सरांकडे होता, आणि तोच उघडून सर आयुष्यभर सगळ्या जगाला उत्तरं देत बसले होते. बाईंचा माळ प्रत्येक वेळी आमच्या दारात येत होता, आणि मी प्रत्येक वेळी, कृपया कापावा, म्हणत होते. मी खुर्चीतून उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले आणि परत येऊन तो तिथेच आहे याची खात्री केली. मग सरांना फोन लावला.

‘काय मॅडम, पुन्हा शेपटी का?’ सर म्हणाले.

‘सर, तुमच्या शेपटीत बाईंचा होटगीचा माळ सापडला. सगळा तिथे होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं?’

‘खाली काय हाय ते मला काय म्हाईत? मी खाली कदी गेलोच न्हाय की.’

माझं मत अजून बदललेलं नाही. शेपटी कापावी. फक्त वाचून कापावी.

सगळं मिळालं नाही. पहिला पावसाळा गेलाच, तेव्हाचे मेल सुटे होते. पण पुढची तीन वर्षं जवळजवळ सलग हाती आली. पुढच्या रविवारी मी ती छापून बाईंकडे गेले. सरही कुर्डुवाडीहून आले, भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. सरांना खरं तर थोडी धास्ती होती. कारण त्या मेलांच्या मध्ये मध्ये त्यांची आणि बाईंची ती गाजलेली लढाईही होती. होटगीच्या माळाचा एक तुकडा कुणी व्यापाऱ्याने विकत घेऊन त्याला तारेचं कुंपण घातलं होतं. बाईंचं म्हणणं, मेंढरं आत येत नाहीत म्हणून तिथला माळ वाचला. सरांनी लिहिलं होतं, ‘मेंढरं माळ खात नाहीत, माळ राखतात.’ त्यावर बाईंनी लिहिलं, ‘सरांना मेंढरांचा कळवळा आहे, तो समजण्यासारखा आहे. पण हे शास्त्र आहे.’ तेव्हा यादीवर आठवडाभर कुणी श्वास घेतला नव्हता. सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी वाचत होते. बाई डोळे मिटून आरामखुर्चीत, ओठांवर हसू. मधेच म्हणायच्या, ‘त्या दिवशी गाडी चुकली होती,’ किंवा ‘तो वारा नव्हता गं, वावटळ होती.’ सर शेंगा सोलून त्यांच्या हातावर ठेवत होते. इतक्या वर्षांत बाईंना मी असं पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं, वाचन संपूच नये.

दुसऱ्या वर्षाच्या श्रावणाशी आलो तेव्हा बाई म्हणाल्या, ‘थांब. मागच्या श्रावणातला परत वाच.’

वाचला. विष्णुक्रांता, म्हणजे जमिनीलगत पसरणारं ते निळ्या फुलांचं रोप, दोन्हीकडे.

‘आता हा.’

‘विष्णुक्रांता बाहेर चांगली. आत शोधावी लागली.’

‘आता तिसरा श्रावण काढ.’

मी पानं उलटली. ‘विष्णुक्रांता बाहेर भरपूर. आत दिसली नाही.’

बाईंनी डोळे उघडले. ‘अगं, हे मीच लिहिलंय ना? मग मला कसं कळलं नाही?’ त्या सरळ बसल्या. ‘आत उंच गवत माजलं, जुनं वाळलेलं तसंच पडून राहिलं, त्याखाली ही बुटकी झाडं गुदमरली. बाहेर मेंढरं गवत कमी करत होती म्हणून ती जगली. मी दर रविवारी त्या रविवारपुरतं बघत होते. सलग कधी वाचलंच नाही.’ मग मान थोडी वळवून त्यांनी सरांना डोळ्यांच्या कडेने पाहिलं. ‘सर, मेंढरांचं तुमचं बरोबर होतं.’

हे वाक्य ऐकायला सर इतकी वर्षं थांबले असतील असं मला वाटलं होतं. सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘न्हाय न्हाय बाई. एका कुंपणावरनं असं कसं म्हणायचं? पुरावा लागतो, असं तुमीच म्हणायचा.’

‘पुरावा माझाच आहे.’

‘मग त्यो कमी हाय.’

‘तीन वर्षांचा आहे.’

‘तीन वर्सांत काय व्हतंय बाई. मेंढरं लई खात्यात, मी घरची बघितल्यात की.’

आणि दोघं जुंपले. बाई मेंढरांच्या बाजूने, सर कुंपणाच्या बाजूने. जुन्या भांडणात एकमेकांनी वापरलेले मुद्दे आता एकमेकांविरुद्ध काढत होते, आणि मी हातातल्या कागदांवर पडताळून पाहत होते की कुणाचा मुद्दा कुणाकडे गेला. हसून हसून मला ठसका लागला. शेवटी ठरलं की पाऊस संपल्यावर होटगीला जाऊन बघायचं. बाईच म्हणाल्या. ज्या बाई कित्येक वर्षं गेटच्या बाहेर फिरायला जात नव्हत्या, त्या म्हणाल्या.

जूनअखेर जुनी सेवा बंद पडली. तोवर आमची यादी तीन ठिकाणी नीट ठेवून झाली होती आणि नव्या पत्त्यावर चालूही झाली होती. सापडलेला माळ मी सगळ्यांना पाठवला. कलबुर्गीहून, पुण्याहून उत्तरं आली. बाईंना वाचून दाखवली. ‘तुम्हीही दोन ओळी सांगा,’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मला काय दिसतं आता सांगायला?’ बाकी सगळं त्यांनी ऐकलं, पण हे एक नाही. माळ परत मिळाला होता, बाई नव्हत्या मिळाल्या, आणि हे मला फार लागत होतं.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी आम्ही तिघं रिक्षाने होटगीला गेलो. अर्ध्या माळावर प्लॉटचे रंगवलेले दगड लागले होते, पण कुंपणातला तुकडा शिल्लक होता. कुंपण मात्र नव्हतं. खांब वाकलेले, तारा कुणी नेलेल्या, आणि पलीकडून आलेली मेंढरं खुशाल आत चरत होती. रिक्षावाले काका गाडीला टेकून म्हणाले, ‘इदर तो कुच बी नै, अम्मा.’

‘देखते हैं,’ बाई म्हणाल्या आणि माझा दंड धरून चालायला लागल्या.

गवत खुरटं होतं, लेंड्या पडलेल्या, कुसळं पायाला टोचत होती. सर पुढे वाकून वाकून बघत गेले. मी पिशवीतून छापलेले कागद काढले, म्हणजे जागेवरच ताडून बघता येईल. तेवढ्यात सर थांबले आणि जमिनीकडे बोट दाखवत राहिले. बाईंना ते दिसणार नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

‘काय आहे?’ बाईंनी विचारलं.

कुणी काही सांगायच्या आत त्या खाली बसल्या. आधी हात फिरवला. जमिनीला धरून पसरलेल्या बारीक फांद्या, बोटांना मऊ लागणारी पानं. मग मान एका बाजूला पार वळवली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि कडेच्या नजरेने बघत राहिल्या. बराच वेळ.

‘निळं आहे ना गं?’

‘हो बाई. निळंच आहे.’

‘आपण कुंपणाच्या आत आहोत ना?’

‘आत आहोत.’

‘किती ठिकाणी आहे?’

सर लगबगीने फिरून आले. ‘लई हाय बाई. जिकडं मेंढरं गेल्यात तिकडं सगळीकडं हाय.’ भांडायचं ते विसरून गेले होते.

मी विचारलं, ‘बाई, तिसरा श्रावण वाचून दाखवू?’

‘नको, ते ठेव आत. वाचून झालं आता.’ बाईंनी एक हात जमिनीवर टेकवला आणि दुसरा माझ्याकडे केला. ‘मोबाइल आहे ना? मी सांगते, तू लिही. यादीवर पाठवायचं आहे.’

मी मोबाइल काढला. बाई सांगायला लागल्या, जागा, गवताची उंची, मेंढरं किती दिवस येत असावीत, आणि त्यात कुठेही शब्द अडत नव्हता. मला समोरची अक्षरं धुरकट दिसत होती, बोटं मागे पडत होती, आणि इतका आनंद झाला होता की मी एक ओळ दोनदा लिहिली.

‘झालं का लिहून?’ बाईंनी मान वळवून विचारलं. ‘आवर. ऊन चढलं की ही फुलं मिटतात.’